शंभर टक्के गळती

जेवणाच्या सुट्टीआधी एक चाचणी उरकायची, एवढंच काम होतं. म्हणून मी एकटीच ध्वनिबंद खोलीत गेले.

तुम्ही तशी खोली पाहिली नसेल. भिंतींना, छताला स्पंजचे जाड सुळके. दार लावलं की बाहेरचं जग तिथंच संपतं. थोड्या वेळाने स्वतःच्या गिळण्याचा आवाज येऊ लागतो. आणि जुन्या स्पंजचा वास, न वाळलेल्या कपड्यांसारखा.

आपण मोबाईलवर बोलतो ना, त्या आवाजाचे सेकंदाला पन्नास तुकडे करून पाठवतात. काही वाटेत गळतात. गळालेल्या जागी फोनच मागच्या तुकड्यावरून अंदाजाने आवाज भरतो आणि मंद मंद करत नेतो. सलग बरेच गळाले, की गप्प बसतो. हे अंदाजाचं काम करणारा प्रोग्रॅम माझ्या नणंदेने लिहिला होता. चिमीने.

तिला आमच्या कंपनीत चिकटवलं मीच. वर्षभरात मोठे साहेब माझं टेबल ओलांडून तिच्याकडे जायला लागले. घरी सासूबाईंचं एकच पालुपद, "आमच्या चिमीच्या डोक्याची सर कुणाला नाही." मी शेजारी बसून भाजी निवडत ऐकायचे. नखाखाली देठ कचकन तुटायचे.

मोठ्या गिऱ्हाइकांना दाखवण्याच्या आदल्या दिवशी तिचं काम तपासायला माझ्याकडे आलं. त्या छोट्या चिपमध्ये आकड्याला मर्यादा असते. बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. त्यात एक मिळवला की आकडा उलटून थेट तळाला जातो, आणि आवाजाऐवजी कानात कडाका फुटतो. म्हणून प्रत्येक बेरजेला बांध घालायचा असतो. एका बेरजेला तो घालायचा चिमी विसरली होती. मला दिसलं. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

दुसऱ्या दिवशी एका पाहुण्याने कान धरून हेडफोन भिरकावला. चिमीला त्या कामावरून काढलं आणि त्यावर माझं नाव लागलं.

"वहिनी, तू तर तपासलं होतंस ना गं?" घरी तिने विचारलं.

"सुटलं नजरेतून," मी म्हटलं.

आठ दिवसांनी तिला ताप आला. तो डोक्यात गेला. चौथ्या दिवशी चिमी गेली.

चाचणीची वाक्यं तिच्याच आवाजात भरलेली होती. ती बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्या दिवशी मी गळती दहा टक्क्यांवर ठेवली. आवाज स्वच्छ. तीस केली, तरी चिमी अख्खीच्या अख्खी बोलत होती. मेल्यावरही हिचं काम चोख! खोटं कशाला सांगू, माझ्या पोटात दुखलं. तिरीमिरीत मी गळती शंभरावर नेली. आता बोल.

आवाज विरत गेला. विझला. मी गिळलं, ते ऐकू आलं.

मग हेडफोनमध्ये, अगदी कानाशी…

"वहिनी…"

हा शब्द त्या वाक्यांत कुठेच नव्हता. समोर पडद्यावर येणारे तुकडे शून्य.

"बत्तीस हजार… सातशे… सदुसष्ट…"

"चिमी?"

"त्याच्या पुढे काय असतं गं, वहिनी?"

माझे हात हेडफोनपर्यंत जाईनात.

"तुला दिसलं होतं ना?"

"हो…" मी म्हटलं. "दिसलं होतं."

पलीकडे कुणीतरी मोठा श्वास सोडला.

त्याच पावली मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. एवढंच म्हणाले, "त्या कामावर तिचं नाव लागेल. तुमचं निघेल." रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईला कळता कामा नये. ती जगायची नाही." त्यानंतर महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही.

मला वाटलं, मी कबूल केलं, फिटलं.

परवा दुपारी ऑफिसातून सासूबाईंना फोन केला, औषध घेतलं का विचारायला. "घेतलं," म्हणाल्या. मी फोन ठेवला. लगेच त्याची बॅटरी संपली, तो बंद पडला आणि मी तो पर्समध्ये टाकला.

तीन तासांनी घरी आले, तर त्या खिडकीशी फोन कानाला लावून बसलेल्या. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून फोनवर त्या नेहमी ओरडतात. तेव्हा मात्र कुजबुजत होत्या, लाडाने, माझ्याशी कधी बोलल्या नाहीत अशा. मी वाकून फोनचा पडदा पाहिला. त्यावर माझं नाव होतं. तीन तास चार मिनिटं, आणि सेकंद पुढे पळत होते.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

"आली बघ ती," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "हो गं… नाही सांगत तिला."