पतंगांचं नाक आणि चिकूचा टॉवेल

"उघड बॅग," ताई म्हणाली. तिच्या मावसभावाने, चिकूने, बॅग मुकाट्याने पलंगावर उपडी केली. कपडे पडले, चड्ड्या पडल्या आणि शेवटी एक विटकी, छोटीशी उशी. ती नसली तर चिकूला झोप येत नसे. ताईचा धाकटा भाऊ ढब्बू फिदीफिदी हसला. चिकूचे कान लाल झाले, पण मामाची हरवलेली डबी काही सापडली नाही.

तिघंही सुट्टीला मामाकडे आली होती. मामा मागच्या खोलीत रेशमाचे पतंग पाळायचा. नर पुष्कळ होते, पण मादी एकच उरली होती आणि सकाळी ती डबीसकट गायब दिसली. मादी नाही तर अंडी नाहीत, म्हणजे मामाची सगळी मेहनत पाण्यात. पतंग डोक्यावरच्या पिसांसारख्या मिशांनी हुंगतात आणि मादीचा वास लांबूनही ओळखतात, हे मामानेच सांगितलं होतं. म्हणून ताईने दारं लावून घेतली आणि नरांची जाळी उघडली. नर फडफडत थेट चिकूच्या टॉवेलवर जाऊन बसले.

"पतंगाचं नाक खोटं बोलत नाही," ती ऐटीत म्हणाली होती. चिकूने दोनदा सांगितलं, मी डबी घेतली नाही. तरी मामाने संध्याकाळच्या गाडीने त्याला घरी धाडायचं ठरवलं.

चिकू कपडे परत भरत होता, तेवढ्यात ढब्बूने ताईची बाही ओढली. "ताई, हे बघ, काही पतंग टॉवेल सोडून खिडकीला चिकटलेत."

खिडकीच्या जाळीतून अंगणातला वारा आत येत होता. म्हणजे वास बाहेरूनही येत होता. ताईने एक नर बरणीत घेतला, तोंडाला विरळ कापड बांधलं आणि अंगणात गेली. तुळशीपाशी नर गप्प, पायरीपाशी गप्प. मामाच्या स्कूटरजवळ मात्र तो बरणीत थयथय नाचू लागला. ताईने मामाला हाक मारली. मामाने डिकी उघडली. रेनकोटखाली डबी होती आणि डबीत मादी, धडधाकट.

काल ती मित्राला दाखवायला नेल्याचं मामाला तेव्हा कुठे आठवलं. परत आल्यावर मादीला हाताळलेले हात पुसले ते दाराशी दिसला त्या टॉवेलला. तो टॉवेल चिकूचा.

"शाब्बास, ताई!" मामा म्हणाला. "तुझ्यामुळे वाचलो."

शाबासकी ऐकून ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेली तीच तर होती. "मला नको शाबासकी," ती म्हणाली. "पतंग चुकले नाहीत, मी चुकले. हे चिकूला सांग."

मामाने चिकूसमोर स्वतःचे कान धरले. ताईला तेवढंही जमेना. तिने मान खाली घालून चिकूचे कपडे कपाटात लावले आणि उशी कुणाला दिसणार नाही अशी चादरीखाली ठेवली.

"चिकू, माझं चुकलं रे," ती शेवटी पुटपुटली.

चिकू म्हणाला, "डबी खोलीत न्यायची ना? चल, दार मी उघडतो."