दहा वाजता अडकणारे स्कॅन

तिने गारठलेल्या मशीनरूमचं दार उघडलं आणि पहिली नजर गेली ती स्वतःच्या स्वेटरवर. स्वेटर खुंटीवर नव्हता. एका अनोळखी माणसाच्या अंगात होता, बाह्या मनगटाच्या चांगल्या वीतभर वर.

"तो माझा आहे," ती म्हणाली.

"वाटलंच... श्वास घेता येईना, म्हणजे कोणाचा तरी खासगीच असणार." त्याने तो घाईने उतरवला. "नेटवर्क कार्डाच्या कंपनीतून आलोय. तुमचं तक्रारीचं पत्र वाचलं. जहाल आहे हं!"

ती खजील झाली. पण पत्र मागे घ्यायला तयार नव्हती. त्या रुग्णालयाचं सगळं नेटवर्क तिच्या एकटीच्या गळ्यात होतं. रोज सकाळी दहाला स्कॅन सुरू झाले की डॉक्टरांच्या पडद्यावर पोचायच्या आधीच ते अडकत. वीस सेकंदांच्या कामाला वीस मिनिटं! बाहेर स्ट्रेचर ताटकळत, नातेवाईक चिडत. प्रशासकांनी तिला स्पष्टच सांगितलं होतं – शुक्रवारपर्यंत सुटलं नाही, तर हे काम बाहेरच्या कंपनीला. म्हणजे तिची नोकरी गेलीच. आणि आज होता मंगळवार.

तिचा सगळा राग होता तो त्याच्या कंपनीच्या ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड आणि सर्व्हर यांच्यामधल्या दुभाष्या प्रोग्रॅमवर. बुधवारी दोघांनी केबल बदलल्या, नवा ड्रायव्हर घालून पाहिला. येरे माझ्या मागल्या! दोघं रिकाम्या खोक्यांवर बसून आकडे वाचत राहिले. तो केबल उचलायला गेला की ती आधीच उचलायची.

"तुम्ही कधी कोणाला काही करू देता का हो?"

"दिलं की निस्तरावं मलाच लागतं."

"एकदा मला देऊन बघा..." तो हसला. तिने उगाचच आकड्यांत डोकं घातलं. एक आकडा दिसेल तर शपथ.

गुरुवारी दहा वाजता त्याने पडदा तिच्याकडे वळवला. सर्व्हरच्या प्रोसेसरचे आठ भाग, त्यांचे आठ पट्टे. पहिला वरपर्यंत लालभडक, बाकीचे सात जमिनीला टेकलेले.

"घरात माणसं आठ, राबतेय एकटी सून," तो म्हणाला. "येणारा प्रत्येक निरोप पहिल्याच्याच दारावर थाप मारतोय. गर्दी वाढली की ती बिचारी निरोप हातातून सोडते. ड्रायव्हर वाटणी करायला तयार आहे, पण कोणीतरी त्याला बजावून ठेवलंय – सगळं पहिल्यालाच दे."

त्याने सेटिंगची फाइल उघडली. ती ओळ तिथे होती. तिच्यावर टीप: 'तात्पुरतं. उद्या काढते.' तारीख सात महिन्यांपूर्वीची.

एका दिवसाच्या चाचणीसाठी ती ओळ तिनेच घातली होती. तो 'उद्या' काही उजाडलाच नव्हता.

तो खुर्ची मागे सरकवून उठला. "मी चहा घेऊन येतो... पंधरा मिनिटं तरी लागतील."

दार लागलं. ओळ पुसली, टीप पुसली, की कार्डाला दोष द्यायला ती मोकळी होती. तिने ओळ काढली. टीप तशीच ठेवली आणि थेट प्रशासकांच्या खोलीत गेली.

"साहेब, दोष कार्डाचा नव्हता. माझा होता."

साहेबांनी चष्मा काढला, परत लावला. "उद्या दहाला बघू," एवढंच म्हणाले.

शुक्रवारी दहाला ते स्वतः येऊन उभे राहिले. आठही पट्टे थोडे थोडे वर आले, एकही लाल झाला नाही. स्कॅन वीस सेकंदांत पोचला... मग दुसरा, मग दहावा. "काम तुमच्याकडेच राहील," साहेब म्हणाले. "पण मदतीला एक माणूस घ्या. एकट्याने ओढलं की असंच होतं."

ते गेले. तो बॅग भरू लागला. तिने त्याला थांबवलं.

"काल तुम्ही साहेबांना का नाही सांगितलंत? तुमच्या कंपनीचं नाव तरी साफ झालं असतं."

"तुम्ही सांगितलंत तो खरेपणा. मी सांगितलं असतं तर चहाडी झाली असती."

"माझी नोकरी वाचली त्यापेक्षा... मला स्वतःहून बोलू दिलंत, त्याचे उपकार मोठे आहेत. कसे फेडू?"

"फेडू नका. उलट मीच एक कबूल करतो." त्याचे कान लाल झाले. "कंपनीने मला मंगळवारीच परत बोलावलं होतं. उरलेलं फोनवर बघता आलं असतं. मी... आजारपणाची रजा टाकली."

"काय झालंय?"

"निदान त्याच दिवशी झालं. या खोलीत. औषधाचं तेवढं तुम्हाला विचारायचं होतं – हिंमत होत नव्हती."

आयुष्यात पहिल्यांदाच, स्वतः पुढे न होता तिने जड बॅगेचा एक बंद त्याच्या हातात ठेवला आणि दुसरा आपण धरला. मोकळ्या हाताने फोन लावला.

"आई, आज जेवायला एक जण जास्त आहे गं... नाही, पाहुणा नाही. तू बघशीलच."