जमिनीलाही कान असतात

"अहो, चालणारे! थांबा म्हणते ना!"

भोंग्यातून मी एवढी ओरडले, की झाडावरची पाखरं उडाली. तो मात्र सावकाश वळला... आणि हसला. मेला चक्क हसला!

आमचं काम म्हणजे जमिनीचं ऐकणं. मातीत ओळीनं शेकडो यंत्रं खोचायची. आम्ही त्यांना कानच म्हणतो. मग एक अजस्र ट्रक जमीन थरथरवतो, खोलवरच्या थरांवरून प्रतिध्वनी परत येतात आणि त्यावरून मी जमिनीच्या पोटाचं चित्र काढते. तेवढा वेळ शेळीसुद्धा चालता कामा नये. आणि हा बाबा खुशाल बूट वाजवत निघालेला!

"पावलं मोजत होतो," तो आमच्या गाडीच्या दाराशी येऊन म्हणाला. "अकराशेपर्यंत आलो होतो. तुम्ही ओरडलात, विसरलो."

"आणि माझी नोंद बिघडली, त्याचं काय?"

"मग उद्या परत मोजतो... तुमच्या चहाच्या वेळेला. चालेल?"

तो ड्रिलर होता, गॅसच्या विहिरी खणणारा. गॅस निघाला शाळेच्या खाली, आणि शाळेच्या अंगणात खोदाईची रिग कोण उभी करू देणार? म्हणून हा दीड किलोमीटर लांबच्या माळावरून सरळ खाली जाणार, मग वळणार आणि थराच्या आतून आडवा जाणार, रजईत दोरा घालावा तसा. तेच अंतर तो पावलांनी मोजत होता. सगळे त्याला 'आडवा'च म्हणायचे.

"तुम्हाला सरळ जाता येत नाही का हो?" मी चहा ओतता ओतता विचारायची.

"येतं की, कानसेनबाई. पण वळायचं कुठे, ते तुम्ही सांगायचं."

तीन आठवडे तो रोज 'मोजायला' आला. कधीकाळी डाव्या पायावर पाइप पडलेला, त्यामुळे त्याचं एक पाऊल जड, एक हलकं. माझ्या पडद्यावर एक उंच रेघ, एक बुटकी. चार वाजून गेले आणि ती जोडी दिसली नाही, की माझं कशात लक्ष लागेना. प्रेमच होतं ते, दुसरं काय! पण बोलायचं त्यानं. मी का आधी? हट्ट म्हणजे हट्ट.

बघता बघता शेवटचा दिवस उजाडला. एकच नोंद उरली होती. उद्या सकाळी आमचा तळ हलणार, तोही दोन दिवसांच्या वाटेवर. आज बोलला नाही, तर संपलंच.

आमच्या यंत्रावर बसणाऱ्या काकांनी बटणाकडे हात नेला आणि थांबले. "कुणीतरी चालतंय गं. आपल्याच गाडीमागे."

पडद्यावर एक उंच, एक बुटकी. जवळ आली... थांबली. परत गेली. पुन्हा आली... पुन्हा थांबली. चार वेळा! तिथले कान काढले असतील, असं वाटलं असावं बिचाऱ्याला.

"हाकलू का?" काका मिशीत हसले. "ट्रक खोळंबलाय."

हा पाचव्यांदा परत गेला तर? हट्ट गेला खड्ड्यात! मी भोंगा उचलला.

"अहो, चालणारे... आता थांबू नका. आत या."

बाहेर आमच्या सगळ्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. दार उघडलं. स्वारी कानापर्यंत लाल.

"विहिरीवर एक जागा आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "वर येणारा खडकाचा चुरा बघून आपण कुठल्या थरात आहोत, ते सांगणारं माणूस हवंय. पण..."

"पण काय?"

"जागेसाठी थांबा, असं नाही म्हणत मी." त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. "माझ्यासाठी थांब."

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"थांबते," मी म्हणाले. "पण आता तू जागचा हलू नकोस. नोंद घ्यायचीय मला."

काकांनी बटण दाबलं. जमीन थरथरली. तो माझा हात धरून उभा राहिला, पाऊलभरही हलला नाही.

"झकास आली नोंद!" काका म्हणाले. "ती आधीची, पावलांची... पुसून टाकू?"

"खबरदार, काका!"