झुंबरबाईची खिंड

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे.

आणि खरी आहे. ज्याला पटणार नाही, त्याने मार्चमध्ये त्या खिंडीत एकट्याने जाऊन यावं.

साल २००४. पन्हाळ्याच्या पलीकडे डोंगरात एक लहानशी वाडी आहे. तिथून एक पायवाट गवताच्या पठारावर चढते, खिंड ओलांडून जंगलात उतरते आणि डोंगराला वळसा घालून पुन्हा वाडीतच येते. फार अवघड नाही. घामाची, पण जमण्यासारखी.

त्या रविवारी हुपरीची ऐश्वर्या या वाटेने निघाली. घरी पैंजणांचा धंदा, पण हिचा जीव झाडापानांत. वनस्पतिशास्त्रात नुकतीच एम.एस्सी. झालेली. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात मुलाखत होती. झाडांच्या सर्वेक्षणासाठी एकच जागा, आणि येताना या डोंगरावरचे नमुने आणायला सांगितलेलं. जागा हुकली तर वडिलांनी, म्हणजे कल्लाप्पांनी, इचलकरंजीचं स्थळ धरून ठेवलं होतं.

सोबत धाकटा चुलत भाऊ अभिनंदन. त्याने मोटारसायकल वाडीतल्या केरबाच्या अंगणात लावली.

"पावणं, खिंडीत डहाळ्यांचा ढीग लागंल," केरबा म्हणाला. "तिथं एक हिरवी डहाळी टाका, मगच म्होरं जावा. झुंबरबाईवर सावली कराय लागती."

"कोण झुंबरबाई?"

"गवताचा भारा घिऊन येत हुती. उन्हाची जरा टेकली खिंडीत... ती उठलीच न्हाय. तिथं ना झाड, ना झुडूप. म्हणून येणारा-जाणारा डहाळी टाकतो. माझ्या आज्यापासनं हाय ह्ये."

अभिनंदनने मुकाट्याने जांभळाची डहाळी तोडून घेतली. ऐश्वर्या नुसती हसली.

पठारावर पिवळं गवत आणि वर आग ओकणारं ऊन. माणूस काय, जनावरही दिसत नव्हतं.

खिंडीत ढीग होता. सगळा वाळलेला, तपकिरी.

फक्त सगळ्यात वर... एक ताजी डहाळी.

पानं जाड, खालून रुपेरी. तोडलेल्या टोकाला चीक अजून ओला. ऐश्वर्याने ती उलटसुलट करून पाहिली. पाहिलेलं झाड ती सहसा विसरत नसे. हे तिने कधी पाहिलंच नव्हतं.

तिने डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत दाबली आणि पिशवीत ठेवली.

"अक्का! तिथं टाकायची असती. उचलायची न्हाय!"

"एवढी काळजी आहे तर तुझी टाक की."

त्याने टाकली. दोघं जंगलात उतरली.

आत जांभूळ, हिरडा, अंजनीची दाटी. गारवा इतका, की अभिनंदनने गुंडाळलेल्या बाह्या खाली ओढल्या.

ऐश्वर्याला मात्र गारवा लागेना.

तिच्या मानेवर ऊन होतं... कडक, पठारावरचं ऊन. तिने वर पाहिलं. पानांचं गच्च छत. हात मागे नेला. मान तव्यासारखी तापली होती. बाटली संपली, तरी घसा कोरडाच.

मग पाचोळा वाजला.

ती थांबली. आवाजही थांबला.

पैंजणं नव्हती. हुपरीच्या पोरीला पैंजणं लगेच कळली असती. ही अनवाणी पावलं होती... जड. डोक्यावर ओझं असल्यासारखी.

पाखरांचा आवाज कधी बंद झाला, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"अक्का..." अभिनंदनचा आवाज फाटला. "तुझ्या मानेवर फोड आलाय. टाक ती डहाळी. पाया पडतो तुझ्या!"

"नाही."

"नाद खुळा हाय काय तुझा? जीव जाईल!"

"आणि ही टाकली तर मुलाखतीत काय दाखवू? तुझं तोंड?"

ती वळली. डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तरी छाती भरून ओरडली, "झुंबरबाई! डहाळी मिळणार नाही! माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे. पुढच्या रविवारी येते. याहून मोठी सावली आणते. तोवर मागे लागू नकोस!"

जंगल गप्प.

आणि मग मानेवरचं ऊन एकदम अडलं...

कुणीतरी अगदी पाठीशी येऊन उभं राहावं, तसं.

दोघं मागे न बघता वाडीत उतरली.

नोकरी मिळाली. मुलाखत घेणारे सगळेच त्या डहाळीपाशी थांबले. तिचं नाव मात्र कुणालाच सांगता आलं नाही. आजही नाही.

पुढच्या रविवारी ऐश्वर्या एकटी गेली. मोठी काळी छत्री उघडली, दांडा दगडांत घट्ट रोवला आणि ढिगावर सावली केली.

"घे. ही वाळत नाही," म्हणाली, आणि परत आली.

चार वर्षांनी सर्वेक्षणाच्या कामावर ती पुन्हा त्या वाटेला लागली. दगड तसेच होते. ढीग मातीला मिळाला होता. कुणी नवी डहाळी टाकलेली दिसत नव्हती.

छत्री नव्हती.

वळसा पुरा करून ती केरबाच्या अंगणात टेकली. पाठीवर दुपारचं ऊन. आभाळात ढगाचा ठिपका नाही.

"छत्री कुणी नेली हो?"

केरबाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"चांगलं न्हाय केलंस, पोरी," तो म्हणाला. "आदी ती खिंडीत बसून हुती. सावली सोडून कुटं जात न्हवती."

"मग?"

"आता हिंडती. उन्हाचं पठारावर काळी छत्री दिसती... चालल्याली. आता त्या वाटंला कोण जात न्हाय."

ऐश्वर्या तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी प्याली.

"हिंडू दे की! किती वर्षं एका जागी बसायचं बाईनं?"

केरबा उत्तर देणार होता. पण त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली... आणि तिथेच थिजली.

ऐश्वर्याच्या पाठीवरचं ऊन अडलं होतं.

तिने वळून पाहिलं नाही. तांब्यातलं उरलेलं पाणी तेवढं मागे, हात लांब करून, जमिनीवर ठेवलं.

ती अजूनही डोंगर एकटीच चढते. कुणाची सोबत घेत नाही.

भर उन्हात गार वाटलं, की मात्र पावलं जरा उचलते.