पन्नासचा फिक्स

“एवढ्यालाच देताय? मग मलाच द्या की!”

दिपिकाच्या तोंडून वाक्य निसटलं. गल्ल्यावरच्या हेतलबेन चष्म्याच्या वरून तिच्याकडे बघायला लागल्या. आणि काउंटरवर आपली जुनी लेन्स ठेवून भाव ठरवत उभा असलेला तो उंच, अनोळखी मुलगा... तो मात्र हसला. हसताना त्याचा एकच गाल आत जायचा. दिपिकाला त्या क्षणी लेन्सपेक्षा तो गालच जास्त स्पष्ट दिसला, हे तिने नंतर कितीही नाकारलं तरी खरं आहे.

“वा गं वा!” हेतलबेन म्हणाल्या. “माझ्या दुकानात उभी राहते, माझ्या पंख्याचा वारा खाते, आणि माझंच गिऱ्हाईक पळवते?”

“गिऱ्हाईक नाही हो, फक्त त्यांचा लेन्स पळवतेय.”

“आज लेन्स पळवते, उद्या काय पळवशील, कोणाला ठाऊक!”

पनवेलच्या जुन्या बाजारातलं हे कॅमेऱ्याचं दुकान. दिपिकाच्या तिथल्या चकरा हेतलबेनना पाठ झाल्या होत्या. कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरीला लागल्यावर तिने स्वतःच्या पगारातून पहिलावहिला मिररलेस कॅमेरा घेतला होता. त्याच्याबरोबर आलेली लेन्स उन्हात गुणी बाळासारखी वागायची, पण दिवे लागले की सगळी माणसं धुरकट. आणि नेमकं दिव्यांच्या उजेडातलंच काम तिने अंगावर ओढवून घेतलं होतं. चुलतभाऊ केतनच्या लग्नाची बोलणी चालू असताना तिने घरात ठणकावून सांगितलं होतं, “लग्नाला फोटोग्राफर बोलवा. हळदीचे फोटो मी काढणार!” आता अंधारात चालणारी आणि खिशाला झेपणारी लेन्स शोधणं आलं.

“घ्या ना, अंधारात छान चालते,” तो मुलगा म्हणाला. “पण आधी एक सांगतो. ही पन्नासची, म्हणजे पन्नास एमएमची, सगळ्यांना जमत नाही.”

“का? केवढासा तर आहे तो! मुठीत मावेल.”

“आकाराचं नाही म्हणत. ही फिक्स आहे. झूम नाही. माणूस जवळ हवा तर आपणच जवळ जायचं, सगळे हवेत तर आपणच मागे सरकायचं. आणि तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर तर बरंच मागे.”

“त्यापेक्षा पस्तीसचा घे,” हेतलबेननी कपाटातून नवा डबा काढला. “मंडपात माणसं जास्त मावतील. फक्त, हा नवीनच मिळेल. महाग पडेल जरा.”

‘जरा’ म्हणजे किती ते दिपिकाने डब्यावर वाचलं आणि डबा अलगद परत ठेवला.

“आणखी एक,” मुलगा चाचरत म्हणाला, “म्हणजे तुमची हरकत नसेल तर... लेन्स ‘तो’ नसतो. ती असते. ती लेन्स.”

“आमच्याकडे तो असतो.”

“कशावरून?”

“सगळं टक लावून बघायचं आणि स्वतः काही बोलायचं नाही... हा पुरुषच असणार!”

हेतलबेन खो-खो हसल्या. मुलाचे कान लाल झाले. या लेन्सच्या ‘तो’पायी पुढे काय गोंधळ उडणार आहे, ते ठाऊक असतं तर दिपिकाने तिथल्या तिथे शहाण्यासारखं ‘ती’ म्हणून टाकलं असतं. पण मग ही गोष्टच घडली नसती.

मुलाचं नाव इंद्रजीत. मूळचा साताऱ्याकडचा, आता रोडपालीत भाड्याने राहणारा, न्हावा शेव्याच्या एका शिपिंग कंपनीत नोकरीला. पक्ष्यांच्या फोटोंसाठी लांबचा झूम घ्यायचा म्हणून तो पन्नासची लेन्स विकायला निघाला होता. त्यानेच तोडगा सुचवला. “घाई करू नका. तुमच्या आत्ताच्या लेन्सची झूमची रिंग एक दिवस पन्नासवर ठेवा, अजिबात हलवू नका. मग एक दिवस पस्तीसवर. कुठे अडतं ते आपोआप कळेल. हवं तर... मी येतो दाखवायला. रविवारी सुट्टी असते मला.”

“मलाही असते,” दिपिका म्हणाली. जरा जास्तच लवकर म्हणाली.

पहिला रविवार वडाळे तलावावर गेला. रिंग पन्नासवर. आजोबांच्या खांद्यावर बसून कणीस खाणारं पोर दिपिकाने टिपलं आणि ती आनंदाने जागच्या जागी उडी मारून ओरडली, “बघा! दाणे दिसतायत दाणे!” इंद्रजीतने स्क्रीनवर दाणे बघितले, मग तिच्याकडे बघितलं, आणि पुन्हा दाण्यांकडे बघायला तो विसरला.

दुसरा रविवार बाजारात, रिंग पस्तीसवर. अबोलीचे गजरे विकणारी, तिची टोपली, मागची गर्दी, सगळं एका फोटोत आलं. पण आता त्या बाईचा चेहराच गर्दीत हरवला.

“पन्नासने एकदा काढून बघते,” असं म्हणत दिपिकाने रिंग फिरवली आणि ती मागे मागे सरकायला लागली... आणखी मागे... आणि थेट इंद्रजीतच्या पायावर.

“अगं आई! तुला लागलं का रे?”

“लागलं,” तो पाय चोळत म्हणाला. “पण ‘तू’ म्हणालीस, म्हणून माफ.”

दिपिकाने जीभ चावली. पण पुन्हा काही ‘तुम्ही’वर गेली नाही. तोही गेला नाही.

खरं तर दुसऱ्या रविवारीच तिचा निर्णय झाला होता. तिला चेहरे हवे होते. पन्नासचाच घ्यायचा, स्वस्तही तोच. पण ती म्हणाली, “संध्याकाळच्या उजेडात बघायला हवं, नाही?” आणि इंद्रजीत म्हणाला, “बघायलाच हवं.” मग तिसरा रविवार. मग तो म्हणाला, “हलत्या माणसांवर पण बघून घे एकदा.” मग चौथा. एवढ्या चौकशीत लोक घर घेतात! खरी गोम दोघांनाही कळत होती. लेन्स ठरली की व्यवहार संपला, आणि व्यवहार संपला की रविवारही संपले. मुलीने मुलाला ‘असंच भेटू’ कसं म्हणायचं, आणि मुलाने ते कुठल्या तोंडाने म्हणायचं? त्याच्या मनात नुसती मदत असली तर? या ‘तर’ने दिपिकाची झोप उडवली होती.

पण केतनची हळद काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हती. आदल्या दिवशी दुपारी तिने ओटीवर उभं राहून फोन लावला. आत कमळाबाई, तिची आत्या, लग्नाचे तांदूळ पाखडत बसली होती. कमळाबाई गावची धवलारीण. लग्नात धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, म्हणायचा मान तिचा, आणि गावातली कुठली गोष्ट तिच्या कानातून निसटेल अशी सोय नाही. तिने ऐकलं ते असं:

“हो... झाला विचार करून. पस्तीसचा नकोच. मला परवडणार नाही तो... हो, पन्नासचाच. फिक्स करते.”

सूप थांबलं.

“वापरलेला असला म्हणून काय झालं? एकाच्याच हातात होता ना... चालेल रे, थोडा जुना दिसतो, पण अंधारात चांगला आहे!”

सूप हातातून पडलं.

“उद्या हळदीला घेऊन ये. बाबांना पण दाखवते,” असं म्हणून दिपिकाने फोन ठेवला. पलीकडून इंद्रजीतने “ठीक आहे... फिक्स तर फिक्स,” एवढंच म्हटलं होतं, आणि त्याचा आवाज असा पडला होता की दिपिका बंद फोनकडेच बघत राहिली. म्हणून आत्या तांदळाच्या सड्यात कपाळाला हात लावून बसली आहे, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मंडपात बेंजो वाजायला लागला. इंद्रजीत स्वच्छ पांढरा शर्ट घालून, खांद्याला बॅग लावून आला, तर मंडपाच्या तोंडाशीच दिपिकाचे वडील बळीराम आणि चार काका हाताची घडी घालून उभे. मागे कमळाबाई, कासोटा खोचून.

“दिपिकानी बोलावलाय तो तूच का?” बळीराम गुरकावले.

“हो काका.”

“मंग पन्नासचा कुटं हाय?”

“आणलाय ना.” गावात आलोय तर गावचंच म्हणावं, म्हणून बिचाऱ्याने आज मुद्दाम ‘तो’ म्हटलं. “बॅगेत आहे.”

“बॅगंत?” कमळाबाई किंचाळली. “आरं देवा, मेला का काय त्यो?”

“नाही आत्याबाई, एकदम व्यवस्थित आहे. कालच पुसून ठेवलाय.”

काका मंडळी एक पाऊल मागे सरकली. बळीरामांचा चेहरा घामाने डवरला. “आमची पोर तेवीसची. त्या म्हाताऱ्याशी तिची गाठ मारून तुला काय भेटनार हाय रं?”

“म्हातारा...?” इंद्रजीत गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला. तेवढ्यात दिपिका धावत आली. पिवळी साडी, डोक्यात गजरा, गळ्यात कॅमेरा.

“बाबा, काय झालं?”

“तूच सांग काय झाला! पस्तीसचा परवडत नाय, म्हनून पन्नासचा करतेस? वापरलेला? आगं, मी काय मेलो होतो?”

क्षणभर दिपिकाला काहीच उमगलं नाही. मग तिला कालचा फोन आठवला, एकेक वाक्य आठवलं, आणि ती अशी हसत सुटली की मंडपाच्या खांबाला धरून तिला खाली बसावं लागलं. तिने इंद्रजीतच्या बॅगेतून लेन्स काढली आणि वडिलांच्या तळहातावर ठेवली. “हा घ्या तुमचा जावई!”

बळीरामांनी लेन्स उलटीसुलटी करून बघितली. “ह्यो? पन्नास... ह्यो?”

“अंधारात चांगला म्हनं!” एक काका म्हणाला, आणि मग हसण्याचा जो कल्लोळ उठला तो बेंजोवाल्यांपर्यंत गेला. कमळाबाईने पदराने डोळे पुसले. “काल रातभर डोल्याला डोला नाय लागला माजा. मेल्यांनो, वस्तूला कुनी वयानी हाक मारतं का?”

मग लेन्स कॅमेऱ्यावर चढली, हळद सुरू झाली आणि दिपिकाला हसायला सवड उरली नाही. पहिले काही फोटो पार फसले. कुठे केतनचं नाक स्पष्ट आणि डोळे धूसर, कुठे अर्धी करवली फोटोबाहेर. ती एकेक फोटो पुसून टाकायला लागली. सगळ्यांसमोर केलेली ती बढाई! “मागे ये,” कानाशी इंद्रजीतचा आवाज आला. “फोकस डोळ्यांवर धर. घाबरू नकोस, तुझ्यामागची वाट मी मोकळी करतो.” तो तिच्या पाठीशी खुर्च्या हलवत होता, पोरांना बाजूला घेत होता, स्पीकरच्या वायरीवरून तिला कोपराला धरून पार करत होता. आणि ती न बघता मागे जात होती... बिनधास्त.

कमळाबाईने धवला धरला. हळदीने माखलेला केतन मान खाली घालून बसला होता, आणि गाता गाता आत्याचा हात त्याच्या गालावर थबकला. दिपिकाने श्वास रोखला आणि बटण दाबलं.

धवला संपल्यावर तिने तो फोटो आत्याला दाखवला. कमळाबाईने कॅमेरा डोळ्यांजवळ ओढला. मग म्हणाली, “मी गाताना आशी दिसतंय? मना कंदी कुनी दाखवलाच नाय.” तिने नाक ओढलं आणि मोर्चा इंद्रजीतकडे वळवला. “आनि तुजा वय काय रं?”

“अठ्ठावीस.”

“लगीन?”

“ना... नाही झालं.”

“बलीराम, आयकलास का?” कमळाबाई तिथूनच ओरडली. “ह्यो तर आठ्ठावीसचाच हाय! आनि नवा कोरा!”

कालपासून पन्नाशीच्या जावयाने हैराण झालेल्या बळीरामांना अठ्ठावीस हा आकडा इतका गोड वाटला, की ते हा पोरगा कुठला, कोणाचा हे विचारायलाच विसरले. “त्याला जेवल्याबिगर सोडू नको गं दिपे,” एवढंच म्हणून ते पंगत बघायला निघून गेले.

मंडपाच्या कडेला दोघेच उरले. दिपिकाचं तोंड लाजेने आणि हळदीने, कशाने जास्त पिवळंलाल झालं होतं, सांगणं कठीण.

“पैसे पाठवलेत सकाळी,” ती म्हणाली.

“मिळाले.”

“म्हणजे... झाला व्यवहार.”

“झाला.” तो बॅगेची चेन उगाच उघडत-लावत होता. “पुढची काच पुसताना साधं फडकं वापरू नकोस. आणि दमट हवेत कोरड्या डब्यात ठेव, नाहीतर बुरशी—”

“इंद्रजीत, लेन्सचं पुरे आता!”

“मग काय बोलू?”

“तुझं बोल.”

तो थांबला. चेनही थांबली. “माझं... माझं असं आहे की मला ती विकायचीच नव्हती. म्हणजे दुकानात आलो तेव्हा विकायची होती. तू बोललीस, त्यानंतर नाही. प्रत्येक रविवारी वाटायचं, हिचं आज ठरू नये. मला तू आवडतेस, दिपिका. खूप आवडतेस. काल फोनवर ‘फिक्स’ म्हणालीस ना, तेव्हा जेवण गेलं नाही मला.”

दिपिकाला वाटलं, आत्ता बेंजो थांबला तर आपल्या काळजाचे ठोके सगळ्या गावाला ऐकू जातील. इतके दिवस उराशी धरलेली धास्ती एका दमात उतरली, आणि तिच्या जागी असा आनंद उसळला की तिला हसू आणि रडू एकदमच आलं.

“रविवारी ये,” ती म्हणाली.

“आता कशासाठी? निवडायचं काही राहिलंच नाही.”

“माझं कधीच निवडून झालंय. लेन्सच्या आधी.”

तो हसला, आणि त्याचा तो एकच गाल आत गेला. तिकडून कमळाबाईची हाक आली, पानं वाढली होती. दिपिकाने त्याचा हात धरला आणि त्याला मंडपात ओढलं. चारी काका बघत होते, करवल्या बघत होत्या, खुद्द बळीराम भाताचा डाव हातात घेऊन बघत होते. इंद्रजीतने घाबरून हळूच हात सोडवायला बघितलं. दिपिकाने सोडला नाही.