भिंगरीचं स्टिअरिंग

"चोर मला दुपारच्या आत हवाय," असं म्हणत ड्रायव्हिंग स्कूलवाले सर घरात शिरले, तेव्हा वहिनी वेणी घालत होत्या आणि भाऊजी चहात बुडवलेलं बिस्किट तुटायच्या आत तोंडात घालायच्या खटपटीत होते.

ते तुटलं.

"बसा सर," वहिनी म्हणाल्या. "काय चोरीला गेलंय?"

"स्टिअरिंग! माझ्या मुलीच्या गाडीचं."

"अख्खी गाडी सोडून नुसतं स्टिअरिंग?" भाऊजींनी चमचा शोधायचं थांबवलं.

वहिनी पूर्वी विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासायच्या. नोकरी सोडल्यावर त्या खासगी तपासाची कामं घ्यायला लागल्या. भाऊजी त्यांचे धाकटे दीर, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. वहिनींबरोबर सगळीकडे जायचे आणि नेमकं हवं ते सोडून सगळं लक्षात ठेवायचे. त्यांच्या हाकेमुळे ओळखीपाळखीचे सगळेच बाईंना वहिनी म्हणत.

सरांनी वाटेत हकीकत सांगितली. सरांची गाडी शिकवणीची होती. भाऊजी पुढे, शिकवणाऱ्याच्या जागेवर बसले होते आणि तिथे पायाखाली दुसरा ब्रेक होता. हकीकतीत रंगत आली की भाऊजींचा पाय दाबला जाई आणि मागे बसलेल्या वहिनी पुढच्या सीटवर आपटत.

सरांच्या मुलीला शर्यतीच्या मैदानावर सगळे भिंगरी म्हणत. ज्युनिअर गटातल्या एकसीटी गाड्यांच्या स्पर्धेत ती यंदा गुणांमध्ये पहिली होती. सगळ्या संघांच्या गाड्या सारख्याच, त्यामुळे खेळ सगळा चालवणाऱ्याच्या हाताचा. मोसमातली शेवटची शर्यत उद्या होती. आज दुपारी पात्रता फेरी. आणि आज सकाळी संघाचं गॅरेज उघडलं, तर तिच्या गाडीचं स्टिअरिंग गायब.

"ते काढता येतं?" भाऊजींनी विचारलं.

"खटक्याने निघतं. त्याशिवाय आत बसताच येत नाही, इतकी जागा कमी. गिअर, बटणं, सगळं त्याच्यावरच. संघाकडचं जादा होतं ते मागच्याच शर्यतीत मोडलं. आयोजकांनी दुसरं मागवलंय, पण ते दुपारपर्यंत येईल न येईल."

"गॅरेजचं कुलूप?"

"शाबूत. किल्ल्या चौघांकडे. उस्ताद, म्हणजे मुख्य मेकॅनिक. इंजिनिअरबाई. भिंगरी. आणि तो मौनी."

"मौनी कोण?"

"तिच्याच संघातला दुसरा चालक. गुणांमध्ये दुसरा. तोंडातून शब्द निघत नाही म्हणून मौनी. वहिनी, भिंगरी बसली नाही तर कप कोणाचा, हे सांगायला तुमची गरज नाही. मला फक्त पुरावा द्या."

भाऊजींचा पाय पुन्हा पडला.

गॅरेजमध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, बुटक्या आणि लांब नाकाच्या. फरशी इतकी लख्ख की भाऊजींनी चपला बाहेर काढाव्यात का असं विचारलं. भिंतीवर दोन खुंट्या होत्या. एकीवर जाड अस्तराची, हेल्मेट ठेवायची पिशवी लटकत होती आणि तिच्यावर भिंगरीचा क्रमांक होता. दुसरी खुंटी मोकळी होती.

उस्ताद केसांना रंग लावलेले, तोंडाने फटकळ. "संशय माझ्यावरच असणार," ते म्हणाले. "ब्रेकवरून या सरांशी माझं वाजलंय, चारचौघांत. शिकवणीच्या गाडीचे ब्रेक वेगळे आणि हे वेगळे, हे त्यांना कोण सांगणार?"

"मी वीस वर्षं..." सर उसळले.

"हे काय आहे?" वहिनी मध्येच म्हणाल्या. त्या भिंगरीच्या गाडीत वाकून बघत होत्या. स्टिअरिंग जिथे बसतं त्या दांड्याच्या टोकाला एक रबरी टोपण होतं.

"टोपण. आत बारीक पिना असतात, त्यांना धूळ लागू नये म्हणून."

"तुम्ही लावलंत?"

उस्ताद थबकले. "नाही. काल मी निघालो तेव्हा स्टिअरिंग जागेवर होतं. मग टोपण कशाला लावू?"

तेवढ्यात भिंगरी आत आली. सडपातळ, भराभर चालणारी. दारालगतच्या हत्यारांच्या ट्रॉलीवर तिचा डावा खांदा आदळला आणि पान्हे खणखणले. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

"सापडलं?" तिने विचारलं.

"सापडेल," वहिनी म्हणाल्या. "कोणावर संशय?"

"कोणावर नाही. मला फक्त बसायचंय गाडीत." बोलता बोलता तिने डोळ्यांसमोरची माशी हाताने हाकलली. थोड्या वेळाने पुन्हा हाकलली. "काल सराव बरा झाला नाही. गाडी डावीकडे नीट वळत नाहीये. आज ठीक करायचं होतं."

भाऊजींनी तिच्या बाजूला उभं राहून पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती घेतली नाही, नको असंही म्हटलं नाही. भाऊजी हात पुढे करून तसेच उभे राहिले, मग ते स्वतःच पाणी प्यायले.

"पोरीला ताठा आहे हो," बाहेर आल्यावर ते कुजबुजले. "आणि एवढ्या स्वच्छ जागेत माश्या कशा?"

"तुम्हाला दिसली माशी?"

"मला नाही दिसली. पण मी चष्मा लावला नव्हता."

वहिनींनी सरांना विचारलं, "यंदा तिला अपघात झाला होता का?"

"मोसमाच्या मध्यावर. गाडी भिंतीला धडकली. डोकं दुखलं दोन-चार दिवस. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही म्हणाले. का?"

"सहज."

इंजिनिअरबाई ट्रकमध्ये संगणकासमोर बसल्या होत्या. पुढच्या मोसमात त्यांना दुसऱ्या संघाचं बोलावणं होतं, आणि गुणांमध्ये तिसरा असलेला चालक त्याच संघाचा होता. सरांनी हे वहिनींच्या कानात सांगितलं, पण त्यांचा कानातला आवाजही वर्गात शिकवल्यासारखा होता.

"हो, जाणार आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण जाताना कप जिंकून जायचं होतं. हे बघा." त्यांनी पडद्यावरच्या रेषा दाखवल्या. "उजव्या वळणांवर भिंगरी सगळ्यांत वेगवान. डाव्या वळणांवर प्रत्येक वेळी उशिरा वळते. काल अंधार पडेपर्यंत उस्ताद आणि मी एकेक स्प्रिंग बदलत बसलो होतो. गाडीत नक्की काहीतरी बिघाड आहे, सापडत नाही एवढंच."

"आणि मौनी?"

"त्याने तर उच्छाद मांडला काल. अख्खा सराव तिच्या मागे मागे. पुढे जा, पुढे जा म्हणून रेडिओवर ओरडून माझा घसा बसला. गेला नाही. स्वतःची एक फेरी धड मारली नाही."

मौनी गॅरेजमागे टायरांच्या थप्पीवर बसला होता. मांडीवर नुसतं हेल्मेट.

"काल तिच्या मागे का राहिलास?" वहिनींनी विचारलं.

खांदे उडाले.

"तिच्या गाडीत काय बिघाड असेल?"

"गाडी ठीक आहे."

"इंजिनिअरबाई तर म्हणतात..."

"गाडी ठीक आहे," तो पुन्हा म्हणाला. मग बराच वेळ हेल्मेटच्या काचेवर बोट फिरवत राहिला. "दुसरं स्टिअरिंग येतंय म्हणे. खरं का?"

"आलंसुद्धा!" पलीकडून सर गरजले. आयोजकांची गाडी ते गॅरेजमध्ये देऊन परत निघाली होती.

मौनीचा चेहरा पांढराफटक पडला.

"बघा, बघा कसं तोंड उतरलं!" सर म्हणाले.

वहिनींनी ते पाहिलं होतं. त्या जवळजवळ धावतच गॅरेजकडे निघाल्या. भाऊजींना इतक्या वर्षांत त्या धावल्याचं आठवत नव्हतं.

उस्ताद नवं स्टिअरिंग दांड्यावर बसवून बघत होते. भिंगरी हातमोजे चढवत होती. इंजिनिअरबाईही ट्रकमधून आल्या होत्या.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "ही आज गाडीत बसणार नाही."

"काय?" सरांचा आवाज चिरकला. "मी तुम्हाला चोर पकडायला आणलं!"

"चोर सांगते. पण त्याने चोरी का केली ते आधी ऐका." वहिनींनी गाडीच्या कडेवर हात ठेवला. "ज्याला भिंगरीचं वाईट करायचं असतं, त्याने ऐन शर्यतीच्या तोंडावर स्टिअरिंग पळवलं असतं. कालच नेलं, म्हणजे दुसरं मागवायला वेळ मिळाला. हे चोराला समजलं नसेल, घाईत असेल, असंही म्हणता येईल. पण टोपणाचं काय? स्टिअरिंग काढल्यावर त्याने पिनांना धूळ लागू नये म्हणून टोपण लावलं. त्याला गाडी खराब करायची नव्हती. फक्त तिने ती चालवू नये, एवढंच हवं होतं."

"का पण?" उस्तादांनी विचारलं.

"ती ट्रॉलीवर आदळली, डाव्या खांद्याने. भाऊजी, बाटली तुम्ही कोणत्या बाजूने दिलीत?"

भाऊजींनी हवेत बाटली धरून पाहिली. "डावीकडून."

"तिने नाकारली नाही. तिला दिसलीच नाही. डाव्या वळणांवर उशीर होतो, कारण वळणाची आतली कड तिला उशिरा दिसते. आणि माश्या इथे नाहीत, त्या तिच्या डोळ्यात आहेत. काळे ठिपके. भाऊजी, आठवतंय? आबा असेच माश्या हाकलायचे."

भाऊजींच्या हातातली नसलेली बाटली खाली आली. आबा म्हणजे त्यांचे वडील. "डोळ्याचा पडदा सुटला होता," ते हळूच म्हणाले. "आम्ही उशीर केला."

"मला काही झालेलं नाही," भिंगरी म्हणाली.

"मग उजवा डोळा झाक आणि माझ्या नाकाकडे बघ. बोट दिसलं की सांग." वहिनींनी हात तिच्या डाव्या कानापाशी नेला आणि सावकाश पुढे आणला. गालापर्यंत आला. आणखी पुढे आला. भिंगरी काही बोलली नाही. तिच्या झाकलेल्या डोळ्याखालून पाणी वाहायला लागलं.

"आठवडा झाला," ती म्हणाली. "आधी चमकायचं. मग ठिपके. आता कडेने काळं येतं. मला वाटलं, एवढी शर्यत निघून जाईल."

मग इंजिनिअरबाईंनी विचारलं, "पण हे कोणाला माहीत होतं?"

"तुम्हाला आणि उस्तादांना नव्हतं. नाहीतर अंधार पडेपर्यंत स्प्रिंग बदलत बसला नसतात. दोघांची खात्री होती की दोष गाडीत आहे. गाडी ठीक आहे असं एकच जण म्हणाला, तेही दोनदा. अख्खा सराव जो तिच्या मागे होता. गाडी हातांचं ऐकते, हातच उशिरा फिरतात, हे त्याला मागून दिसत होतं." वहिनी दारात येऊन उभ्या राहिलेल्या मौनीकडे वळल्या. "बाबा, तुझी हेल्मेटची पिशवी कुठे आहे? एवढं नाजूक हेल्मेट उघडंच घेऊन फिरतोयस. त्या पिशवीत दुसरं काहीतरी जपून ठेवलं असणार."

मौनी निमूटपणे गेला, टायरांच्या थप्पीच्या पोकळीत हात घालून पिशवी घेऊन आला. जाड अस्तरात भिंगरीचं स्टिअरिंग होतं, एक ओरखडाही न पडलेलं.

"मला सांगायला काय झालं होतं तुला?" सर ओरडले, पण आवाजात जोर नव्हता.

"तिला सांगितलं काल. म्हणाली, तुला कप हवाय म्हणून बोलतोयस." मौनीने घसा खाकरला. "दुसऱ्या नंबरचा सांगतोय की पहिल्या नंबरवालीला दिसत नाही. तुम्ही ऐकलं असतं? मीच नसतं ऐकलं. दुसरं स्टिअरिंग इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं."

त्याला इतकं सलग बोलताना संघात कोणी ऐकलं नव्हतं.

सर टायरवर मटकन बसले. "रोज लोकांना ओरडतो मी, मान वळवून बघा म्हणून," ते म्हणाले. मग उठले, मुलीचे हातमोजे एकेक बोट धरून काढले आणि म्हणाले, "चल."

नेत्रतज्ज्ञ बाईंनी दुपारीच तपासलं आणि संध्याकाळी शस्त्रक्रिया ठरवली. "पडदा कडेने सुटलाय, मधला भाग शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "त्या गाडीचे हादरे बसले असते तर मी काही सांगू शकले नसते. आता सांगते, डोळा वाचेल."

सरांनी वहिनींना नमस्कार केला, भाऊजींना केला आणि घाईघाईत वॉर्डबॉयलाही केला.

मौनीने स्वतःच जाऊन आयोजकांना सगळं सांगितलं. त्यांनी त्याला शर्यतीत सगळ्यांच्या मागे उभं केलं. तो तिथून तिसऱ्या क्रमांकापर्यंत आला. कप दुसऱ्या संघाच्या चालकाने नेला. ही बातमी आली तेव्हा सर हॉस्पिटलच्या कॅंटीनमध्ये होते. मोसमभर ज्यासाठी जिवाचं रान केलं ते गेलं, तर आपल्याला वाईट वाटायला हवं, असं त्यांना वाटलं. त्यांनी थोडी वाट पाहिली. मग आणखी एक ताट मागवलं.

शस्त्रक्रियेनंतर भिंगरीला काही दिवस पालथं झोपून राहायचं होतं, तोंड खाटेच्या कडेबाहेर, जमिनीकडे. गाडीचा विषय पुढच्या वर्षीच्या तपासणीनंतर काढा, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. वहिनी आणि भाऊजी भेटायला गेले, तेव्हा खाटेवर तिची पाठ तेवढी दिसत होती. तिच्याशी तोंडाकडे बघून बोलायचं म्हणून सर खाली फरशीवर उताणे पडले होते. त्यांच्या शेजारी मौनी उताणा पडला होता आणि ती त्याला शर्यतीतली एकेक चूक ऐकवत होती.

"सरका जरा," म्हणत भाऊजीही गुडघे धरत खाली टेकले आणि आडवे झाले.

औषधं घेऊन नर्स आत आली आणि दारातच थबकली.

"यातला पेशंट कोणता?" तिने वहिनींना विचारलं.