चाळिसावी नळी

आईशपथ सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय! खोटं निघालं तर उद्यापास्नं चहातली साखर सोडीन.

आपल्या संभाजीनगरातल्या एका लॅबमध्ये करुणा नावाची पोरगी आमवाताच्या माणसांचं रक्त तपासायची. अंगाची राखण करणाऱ्या पेशी ह्या रोगात उलट्या फिरतात अन् आपल्याच सांध्यांवर तुटून पडतात. आता त्यातली कोणती पेशी कोण, हे कळावं कसं? तर प्रत्येकीच्या अंगावर गोंदणासारख्या खुणा असतात. खुणांना चमकणारा रंग लावायचा, मशिनीत एकेक पेशी लेझरपुढनं पळवायची... खूण चमकली की पेशी सापडली! करुणाला चाळीस जणांचं रक्त पाहिजे होतं, तेबी औषध सुरू व्हायच्या आधीचं. एकोणचाळीस झाले होते.

चाळिसावं घेऊन शिवराज आला अन् दारातच तिला धडकला. पिशोर गावचा, अद्रक पिकवणारा गडी, काखेत थर्मास. नजर वर झाली अन्... थर्मास द्यायचं सोडून तिच्याकडं बघतच राहिला.

"काय पाहिजे?"

"न्हाय... म्हंजे... आमच्या भागूबाई आत्याचं रक्त आणलंय. सकाळीच नर्सबाईनं काढलं."

करुणानं झाकण उघडलं. आत ठासून बर्फ!

"अहो, हे काय केलंत? सगळं गोठलं! पेशी फुटल्या!"

"गाईची लस बर्फातच आणतो की आम्ही..."

"तुमची आत्या गाय आहे का?"

"गाय परवडली, म्याडम. आत्या शिंगं मारती."

तिला हसू आलं, अन् रडूबी. उद्या सकाळपास्नं आत्याची गोळी सुरू. एकदा औषध पोटात गेलं की चाळिसावी नळी गेलीच.

"गोळी आठ दिवस पुढं ढकलू का?" शिवराजनं विचारलं.

"मुळीच नाही! सकाळी त्यांची मूठ मिटत नाही, आणि माझ्या अभ्यासासाठी मी त्यांना कळा सोसायला लावू?"

शिवराजनं तिच्याकडं नीट बघितलं. मग म्हणाला, "बसा गाडीवर."

पिशोरात भागूबाई दारातच होती. "माझ्या रक्ताची कुल्फी केली ह्यानं, अन् आता दुसरं मागता व्हय?" पण हात पुढं केला. करुणाचा हात लई हलका, सुई टोचल्याली कळलीबी नाय. "पोरी, नळी ह्याच्याकडं देऊ नको. तूच सांभाळ. अन् जमलं तर ह्यालाबी."

दोघंबी लालेलाल!

चार तासांच्या आत नळी लॅबात पोचायला पाहिजे. करुणा मागं बसली, नळी ओढणीत गुंडाळून.

"हळू! हलतंय!"

"बरं."

"अहो जोरात! वेळ चाललाय!"

"म्याडम, एक कायतरी ठरवा."

"ठरवलंय... म्हणजे — गाडीचं! समोर बघा!"

"आरसा समोरच हाय."

दहा मिनिटं राहिली असताना लॅब गाठली. रंग लावून झाला, मशीन सुरू झालं, अन् पडद्यावर ठिपकेच ठिपके! करुणा टाळ्या पिटत ओरडली, "तो झुबका दिसला? त्याच ह्या पेशी!"

"एवढ्या गर्दीत वळखता तुम्ही?"

"खूण असली की ओळखतेच."

"माझ्या अंगावर हाय का एखादी?"

"आहे ना... कान बघा, कसले लाल झालेत!"

सांजेला तो तिला औरंगपुऱ्यात घरी सोडायला निघाला, अन् वाटेतच गाडीतलं पेट्रोल संपलं. मग काय, गाडी ढकलत दोघं पायी.

"करुणा..." पहिल्यांदाच म्याडम गळालं. "आता शहरात यायला मला बहाणा राहिला नाय."

"तीन महिन्यांनी आत्यांचं रक्त परत लागेल. औषधानंतरचं."

"तीन महिने?"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला नाही धीर धरवणार तेवढा. रविवारी या... बहाण्याशिवाय. आणि येताना बर्फ आणू नका!"

बरं, पेट्रोलचं मात्र मी घुसडलं. टाकी काठोकाठ भरल्याली होती, गाडी शिवराजनंच मुद्दाम बंद केल्याली. करुणानं काटा बघितला होता, अन् तरीबी मागनं गाडी ढकलत होती!